बंद पडलेल्या सर्व्हरच्या हार्डवेअरची नोंद दुरून कशी वाचावी?

बुटीबोरी_सर्व्हर: नमस्कार. आमचे कार्यालय नागपुरात धरमपेठेत आहे आणि मुख्य सर्व्हर बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात आहे. या मे महिन्यात तो तीन वेळा, प्रत्येक वेळी दुपारी पावणेतीनच्या सुमारास, अचानक बंद पडला. लिनक्सच्या लॉगमध्ये बिघाडाचा मागमूसही नाही. एका साध्या ओळीनंतर थेट पुन्हा सुरू झाल्याचीच नोंद आहे. दर वेळी उन्हात तिथवर जाण्याऐवजी हार्डवेअरची स्थिती इथूनच पाहता येईल का?

जुना_प्रशासक: येईल. सर्व्हरच्या मदरबोर्डवर बीएमसी नावाचा स्वतंत्र नियंत्रक असतो. (डेलच्या यंत्रांत तो आयड्रॅक आणि एचपीच्या यंत्रांत आयलो या नावाने ओळखला जातो.) तो स्टँडबाय विजेवर चालत असल्यामुळे सर्व्हर बंद असतानाही, विजेची केबल जोडलेली असेल तोवर, तापमान, पंखे, व्होल्टेज आणि पॉवर सप्लाय यांवर लक्ष ठेवतो व आपली नोंदवही स्वतःच्या स्मृतीत लिहितो. ऑपरेटिंग सिस्टिमला काही लिहायला वेळच मिळाला नाही, तरी ही नोंदवही शाबूत राहते. सर्व्हर आत्ता सुरू असेल, तर एसएसएचने (दुरून सुरक्षित लॉगिन करून) आत जाऊन आयपीएमआयटूल या बीएमसीशी बोलणाऱ्या साधनाची ‘सेल ईलिस्ट’ ही आज्ञा चालवा; ती हीच नोंदवही दाखवते. त्यासाठी बीएमसीचे नेटवर्क जोडलेले असण्याचीही गरज नाही. सेन्सरचे चालू आकडे ‘एसडीआर ईलिस्ट’ने दिसतील. पुढे सर्व्हर बंद असतानाही पाहता यावे, म्हणून बीएमसीच्या पोर्टला नेटवर्क केबल लावून आयपी पत्ता देऊन ठेवा.

बुटीबोरी_सर्व्हर: आभारी आहे. आत येणाऱ्या हवेच्या तापमानाने वरची मर्यादा ओलांडल्याच्या तीन नोंदी सापडल्या. तारखा जुळतात, परंतु वेळ सकाळी सव्वानऊच्या आसपासची आहे. तेव्हा सर्व्हर व्यवस्थित चालू होता, त्यामुळे या नोंदींचा संबंध नसावा असे वाटते.

विदर्भ_नेटवर्क: संबंध आहे, आणि फार जवळचा आहे. बीएमसीचे घड्याळ वेगळे असते आणि आपले बहुधा यूटीसीवर, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर आहे. सव्वानऊमध्ये साडेपाच तास मिळवा, म्हणजे पावणेतीनच होतात. ‘सेल टाइम गेट’ चालवून खात्री करून घ्या. या नोंदी जुळवताना सर्वाधिक चुका घड्याळामुळेच होतात. बॅटरी संपलेल्या एका यंत्रावर मी 1970 सालच्या तारखाही पाहिल्या आहेत. वीज गेल्याची शंका उरली असेल, तर ‘चॅसिस स्टेटस’मध्ये शेवटची पॉवर-घटना पाहा. नोंदवहीची जागाही मर्यादित असते आणि अनेक यंत्रांत ती भरली की नव्या नोंदी थांबतात, म्हणून तिची प्रत काढून ठेवल्यानंतरच ती रिकामी करा.

एक कळकळीची विनंती. बीएमसी थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. आयपीएमआय 2.0 च्या (बीएमसीशी संवाद साधण्याच्या प्रमाणित पद्धतीच्या) प्रमाणीकरणाच्या रचनेतच असा दोष आहे की लॉगिन न करताही पासवर्डचा हॅश, म्हणजे त्याचे सांकेतिक रूप, मागवता येते, आणि हे विनिर्देशातच असल्यामुळे फर्मवेअर बदलूनही सुटत नाही. तेव्हा वेगळा व्हीलॅन (नेटवर्कचा स्वतंत्र भाग) ठेवा, बाहेरून केवळ व्हीपीएनने या आणि आयपीएमआय वापरते ते यूडीपी 623 हे पोर्ट बाहेरच्या बाजूने बंद ठेवा. यंत्र रेडफिश या नव्या व्यवस्थापन-पद्धतीला साथ देत असेल, तर देखरेखीसाठी एचटीटीपीएसवर चालणारा तोच मार्ग निवडा.

बुटीबोरी_सर्व्हर: घड्याळ खरोखरच यूटीसीवर होते. कारखान्यात चौकशी केल्यावर समजले की दुपारी सर्व्हर-खोलीचा एसी बंद करून कूलर लावला जात होता.

जुना_प्रशासक: कूलर आजच काढायला सांगा. घरात तो नागपूरकराचा उन्हाळा तारतो हे खरे, पण सर्व्हर-खोलीत त्याच्या ओलाव्याने यंत्राचे नुकसानच होते. आत येणारी हवा 18 ते 27 अंशांच्या दरम्यान राहावी ही ॲशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे. म्हणून 30 अंशांना इशाऱ्याचा मेल येईल अशी व्यवस्था करा, म्हणजे यंत्र बंद पडण्याआधी कारखान्यात फोन करण्याइतका वेळ हाती राहील.