ब्रह्मगिरीवर माकडांना बिस्किटं : पुण्य तुमचं, जाच आमचा

पाचआळीचा_पोर
परवा त्र्यंबकेश्वरला गंगाद्वाराच्या पायऱ्यांवर एका मावशीची करवंदांची पाटी माकडांनी उलथवली. पहाटेपासून काट्यांत हात घालून तोडलेली करवंदं, दहा-बारा द्रोण, सगळी घळीत. चार पायऱ्या वर मुंबईचं एक कुटुंब त्याच टोळीला बिस्किटं भरवत व्हिडिओ काढत होतं. 'जय बजरंगबली'ही म्हणून झालं. मावशीसाठी खिशात हात कोणी घातला नाही.

ब्रह्मगिरी असो की शेजारचा अंजनेरी डोंगर, माकडांना खायला घालणाऱ्याला दंडच हवा. यात्रेकरू संध्याकाळी नाशिकची बस धरतो, त्याने लावलेली चटक आमच्या दारात राहते. आजीच्या वेळी आमच्या घराला कौलं होती. वानरांनी ती इतकी फोडली की शेवटी पत्रे घातले. आता पत्र्यावर नाचतात. कुरडया वाळत घातल्या की घरातलं एक माणूस काठी घेऊन दिवसभर राखणीला.

अंजनीसुत
२०२२ मध्ये हनुमंताचा जन्म अंजनेरीचा की किष्किंधेचा म्हणून नाशकात माइक ओढण्यापर्यंत भांडणं झाली. आणि आता त्याच्याच लेकरांना मूठभर चणे घातले तर दंड? धाराशिवच्या उपळ्यात ३२ एकर जमीन माकडांच्या नावावर आहे, जरा बघा. डोंगर त्यांचाच होता. उंबर-जांभळं तोडून प्लॉट पाडले आपण, मग चोर ते कसे?

रानवाटा
झाडांबद्दल अंजनीसुत बरोबर बोलले, चण्यांबद्दल नाही. मुळात इथे दोन वेगळे प्राणी आहेत. लाल तोंडाच्या माकडाच्या गालात पिशव्या असतात, हाताला लागेल ते त्यात कोंबून पळायचं हा त्याचा धंदाच. काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा तो वानर. त्याचं पोट पाला आंबवून पचवायला बनलंय, गुराच्या पोटासारखं कप्प्याकप्प्याचं. त्यात गोड बिस्किटं गेली की आतले जंतू बिघडतात. म्हणजे तुम्ही देवाला नैवेद्य दाखवताय की अजीर्ण देताय?

आणि अंजनेरी २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे, गिधाडांची घरटी आहेत त्या कड्यांवर. तिथे पुड्यांची प्लास्टिकं उडताना बघवत नाही.

हरसूलकर
आमच्या पाड्यावर कोणी माकडाला खायला घालत नाही, अन् हाणतही नाही. उलट वानर खाकरायला लागला की म्हातारी म्हणते, शेळ्या आत घ्या, बिबट्या फिरतोय. तुमच्या पायऱ्यांवरचे वानर पुड्याकडे डोळे लावून बसलेले, ते कधी खाकरणार?

फुटाणेवाली_लेक
सगळे शहाणे बोलून झाले ना? माझी आई पायथ्याशी चणे-फुटाणे विकते. दहातले सात पुडे माकडांसाठीच जातात, खोटं कशाला बोलू. माझी फी त्यातूनच निघाली. दंड लावा, पण पाटलोणीतला यात्रेकरू शंभर रुपये टाकून हसत जाईल आणि पाटी उचलली जाईल आमची. करवंदं दीड महिना, फुटाणे बारा महिने. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, आईने त्यावर आशा लावलीय.

पाचआळीचा_पोर
ताई, तुमच्या आईच्या पाटीवर उठलो नाही मी. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, कबूल. दंड खायला घालणाऱ्यालाच हवा, विकणारीला नको. पण सिंहस्थाच्या गर्दीत एका माकडाने जरी पोराच्या हातातून पुडा ओढताना चावा घेतला, तर लोक माकडांवर दगड उचलतील आणि पिंजरे लागतील. तेव्हा वंशज वगैरे कोणाला आठवणार नाही. आई लिंबू सरबत ठेवू शकेल का?

फुटाणेवाली_लेक
ठेवलं होतं मागच्या उन्हाळ्यात. बाटलीचं बूच फिरवून उघडतात ती.