चिनी राजवस्त्रं: चिन्हं वाचायची की वीण?

रेशीमवेडी: चिनी सम्राटांच्या झग्यांवरची चर्चा चिन्हांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. पाच नख्यांचा ड्रॅगन म्हणजे सम्राट, वटवाघूळ म्हणजे सुख. विणणाऱ्याचं काय? 'केसी' म्हणजे रेशमात चित्रं विणायची चिनी पद्धत. ती विणताना ताणा (उभे धागे) सलग राहतो, पण बाण्याचा (आडव्या धाग्यांचा) प्रत्येक रंग आपल्या आकारापुरता जाऊन परत फिरतो. एका फुलासाठी रंगीत धाग्याच्या कितीतरी कांड्या. दोन रंगांची सीमा उभी आली की तिथे बारीक फट राहते, उजेडात धरलं तर सुरीने चिरल्यासारखी दिसते. दक्षिण सोंग राजवटीच्या काळात (बारावं-तेरावं शतक) झू केरोउ या विणकर बाईंनी असंच कॅमेलियाचं फूल विणलं, ते आज ल्याओनिंगच्या संग्रहालयात आहे. त्यातलं एक पान किडीने खाल्लेलं आहे! ते पान चिन्हांच्या कुठल्याच कोष्टकात बसत नाही, आणि मला त्यातच खरी कला दिसते. पुढे चिंग या चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या दरबाराने चिन्हांची यादी बांधून दिली आणि काम कारकुनी झालं.

उत्तरायण: अजिबात सहमत नाही. कोणी काय ल्यायचं याचे नियम चिंग सम्राट च्यानलाँगच्या काळी, १७५९ मध्ये, पक्के झाले हे खरं. पण सम्राटासाठी राखीव असलेली १२ चिन्हं शोभेची नव्हती. एका खांद्यावर सूर्य, दुसऱ्यावर चंद्र, खालच्या घेराला लाटा आणि त्यातून वर येणारे डोंगर. खुंटीवरचा झगा अर्धाच असतो, अंगावर चढला की माणूसच आकाश आणि पृथ्वीमधला खांब होतो. ड्रॅगन ९, त्यातला एक पुढच्या पदराखाली झाकलेला, त्यामुळे समोरून किंवा मागून ५च दिसतात. ९ आणि ५, दोन्ही सम्राटाचे आकडे. ही आखणी करणाऱ्याला कारकून म्हणवत नाही.

येवलेकर: आमच्या घरी पैठणीचा माग होता. आपल्या पदरातही रंग आपापल्या जागी वळतात, फक्त आपण शेजारच्या धाग्यात अडकवून घेतो, म्हणून फट राहत नाही. मुनियाचा, म्हणजे पैठणीवरच्या पोपटाचा, अर्थ आजीला कधी कुणी विचारला नाही. चोच नीट बसली का, एवढंच बघायचे. मी रेशीमवेडीताईंच्या बाजूने.

शब्दवेल्हाळ: पण येवलेकर, मुनियाचं नाव मराठी कानाला दुसरं काही सांगत नाही. चिनीत वटवाघूळ 'फू' आणि सुखही 'फू'. लाल वटवाघूळ 'होंगफू', ऐकायला अगदी 'अपार सुख'. ते चित्र तिथल्या माणसाला ऐकू येतं. आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून ते कोष्टक वाटतं.

रेशीमवेडी: हे पटलं, आणि वटवाघळापुरतं माझं म्हणणं मागे घेते. बाकीचं नाही. चिंगच्या उतरत्या काळातल्या केसीत बारीक तपशील अनेकदा विणलेले नसतात, वरून कुंचल्याने रंगवलेले असतात. चिन्ह ओळखू आलं की पुरे, असं एकदा ठरलं की मागावर तेवढा वेळ कोण घालवणार? झू केरोउंनी किडकं पानसुद्धा विणलं होतं.