मदत हवी आहे: जम्पर वायर आणि कनेक्टर जवळपास कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. मी वरुड तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. संत्र्याच्या बगीच्यात मातीची ओल मोजायला आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाला सेन्सर जोडला आहे. घरी ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायची पाटी) सगळं नीट चालतं, पण वावरात नेलं की तासाभरात आकडे उड्या मारतात. काल एक जम्पर वायर (टोकांना पिन असलेली जोडणीची वायर) सोलून पाहिली: आत केसासारख्या चार-पाच तारा, आणि टोकाची पिन नुसती अडकवलेली. बोटाने ओढली तर हातात आली! ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त गठ्ठ्यातल्या निम्म्या अशाच निघाल्या.

गावात मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे लग (जाड वायरच्या टोकाला लावायचे धातूचे तुकडे) मिळतात, २.५४ मिमी अंतराच्या पिना नाहीत. मला मेल-फिमेल जम्पर, बर्ग स्ट्रिप (पिनांची पट्टी) आणि वावरासाठी ३ पिनचे जेएसटी एक्सएच कनेक्टर हवेत. ते घट्ट बसतात, उलटे लागत नाहीत.

अमरावतीत किंवा नागपूरला सीताबर्डीकडे हे सुटं देणारं दुकान कोणाला माहीत आहे का? आंबिया बहाराचा ताण (फुलं यावीत म्हणून झाडांचं बंद ठेवलेलं पाणी) तोडायच्या आधी सेन्सर लावायचा आहे, म्हणून एकाच खेपेत सामान आणायचं आहे. आणि क्रिम्पिंगची (पिन वायरवर दाबून बसवायची) पक्कड घेऊन वायर स्वतः बनवल्या तर टिकतील का? ज्यांनी केलंय त्यांनी नक्की सांगा.