मदत हवी आहे: १३बी (माझदाचं रोटरी इंजिन) बदलताना ऑइल मीटरिंग पंप (रोटरना थोडं थोडं तेल पुरवणारा) काढायचा आहे

गाडी १९८७ची माझदा आरएक्स-७ टर्बो, वायरिंग आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) तिचंच. बसवायचं १३बी टर्बो मात्र १९८९नंतरचं, म्हणजे त्यावर इलेक्ट्रिक मीटरिंग पंप आहे. जुन्या हार्नेसमध्ये (वायरिंगच्या जुडग्यात) त्याचा कनेक्टरच नाही. पंप काढून त्याच्या जागी बंद प्लेट मारली तर ईसीयू लिंप मोडमध्ये (बिघाड समजून ताकद कमी करणं) जाईल का? पंपाचं तेल आत सोडणाऱ्या नोझलची भोकं कशाने बुजवायची? पेट्रोलमध्ये तेल किती घालायचं?

प्रतिसाद १
लिंप मोडची भीती नव्या ईसीयूला. १९८६-८८च्या गाडीत पंप थ्रॉटलच्या दांडीने चालायचा, त्या ईसीयूला पंप आहे की नाही हेच कळत नाही. तेव्हा बिनधास्त काढा. कनेक्टरशिवाय नुसता बसवून मात्र ठेवू नका. मोटरला हुकूम देणारं कोणी नसेल, तर लोड वाढला तरी तेल वाढणार नाही.

पंप इंजिनच्या फ्रंट कव्हरवर बसतो. कव्हर उघडायची गरज नाही. पंप सोडवला की त्या भोकात लगेच स्वच्छ फडकं कोंबा, मग जुनं गॅस्केट खरवडा. प्लेटमागे इंजिनचं तेल दाबाखाली असतं, म्हणून प्लेट सपाट हवी आणि सीलंटचा थर पातळ. जाड थर आत सुटतो आणि तेलाच्या वाटेत अडकतो.

इंजिनची पुढची पुली काढायची झाली तर छोटे बोल्ट सोडा. मधल्या मोठ्या बोल्टला हात लावू नका! तो सैल झाला की आतलं थ्रस्ट बेअरिंग जागेवरून घसरतं, आणि पुन्हा आवळताना चिरडतं.

प्रतिसाद २
नोझल: दोन रोटर हाउसिंगवर, दोन इनटेकवर, सगळी काढा. त्याच आट्याचे आखूड बोल्ट, खाली नवा तांब्याचा वॉशर. बोल्ट लांब असेल तर वॉशर दबण्याआधीच तो तळाला टेकतो. घट्ट वाटतं, पण हाउसिंगमधून गॅस गळत राहतो. प्लास्टिकच्या नळ्या या वयात हात लावताच तुटतात, वाचवायच्या फंदात पडू नका.

नोझलना हवा देणारे बारीक पाइप बहुतेक जण विसरतात. त्यांची निपल उघडी राहिली तर एअरफ्लो मीटरला चुकवून हवा आत येते आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. टर्बोवर हे महागात पडतं. टोप्या लावून क्लिप मारा.

मूळ प्रश्नकर्ता
आणि प्रीमिक्स, म्हणजे पेट्रोलमध्ये तेल मिसळणं? जुना मेकॅनिकल पंप लावणं जास्त बरं का?

प्रतिसाद १
मेकॅनिकल लावायचा तर दांडी जोडायला जुनी थ्रॉटल बॉडीही लागेल. ती हाताशी असेल तर रोजच्या गाडीला तोच बरा, कारण तेल घालायची आठवण त्याला करून द्यावी लागत नाही.

प्रीमिक्सला चांगलं कमी राखेचं टू-स्ट्रोक तेल, लिटरला ५ ते ८ मिली. ४० लिटरला २०० ते ३२०. टर्बोवर वरच्या आकड्याकडे राहा. आधी तेल, वरून पेट्रोल, म्हणजे आपोआप ढवळलं जातं. पहिल्या स्टार्टलाही टाकीत मिसळलेलंच पेट्रोल हवं. एपेक्स सीलला (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांना) आता दुसरीकडून तेल नाही. फार ओतलंत तर प्लग काळे पडतील. डिकीत मोजपट्टी असलेली बाटली ठेवा.

प्रतिसाद २
आणि गाडी दुसऱ्या कोणाच्या हाती जाणार असेल, तर पेट्रोलच्या झाकणाच्या आत 'तेल मिसळा' असं ठळक लिहून ठेवा.