छोट्या शेतकऱ्याला आधी काय हवं: शाश्वत शेतीचं प्रशिक्षण की तोट्याची हमी?

काळी_माती:
शाश्वत शेतीच्या प्रशिक्षणात शेतकऱ्याला हॉलमध्ये बसवतात, पडद्यावर गांडूळखताचे फोटो दाखवतात, हजेरीवर सही घेतात. त्यातून काहीही उगवत नाही. १९८९ मध्ये इंडोनेशियात एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या, मदतीने शेतीशाळा सुरू झाल्या, त्यांची रीत बघा. तिथे भातावर तपकिरी तुडतुड्यांनी कहर केला होता, आणि त्याला फवारणीनेच हातभार लावला होता, कारण तुडतुडे खाणारे कोळी औषधाने मरत होते. शाळेतले शेतकरी हंगामभर दर आठवड्याला गटाने खाचरात उतरायचे, चुडांवरच्या किडी आणि मित्रकीटक मोजायचे, त्यांचं चित्र काढायचे आणि फवारायचं की नाही ते चर्चा करून ठरवायचे. शिकवायचं तर असं शिकवा.

हिशेबवही:
अर्धीच गोष्ट सांगितलीत. तिथल्या सरकारने १९८६ मध्येच भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली होती आणि १९८९ पर्यंत औषधांवरचं अनुदानही काढून घेतलं. औषध महागलं की फवारणी घटणारच, त्याचं श्रेय शाळेला कसं देता? २००४ साली त्याच शाळांवर एक अभ्यास आला. शिकलेल्या शेतकऱ्यांचं उत्पादन वाढल्याचं किंवा त्यांचा औषधांचा वापर घटल्याचं त्यात ठळकपणे दिसलं नाही.
माझा मुद्दा सरळ आहे. पद्धत बदलताना सुरुवातीच्या हंगामांत उत्पादन घटू शकतं. मोठा शेतकरी एका तुकड्यावर प्रयोग करून बघतो. ज्याचं घर एकाच तुकड्यावर चालतं तो सगळं शिकून आला तरी औषधाची बाटली हातातून सोडणार नाही, आणि त्यात त्याचं काहीच चुकत नाही. आधी त्या हंगामांच्या तोट्याची हमी द्या.

काळी_माती:
पण नुसत्या सरकारी निर्णयाने काय होतं ते श्रीलंकेत दिसलंच. २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली, शेतकऱ्याला तयारीला वेळही दिला नाही. भाताचं उत्पादन कोसळलं आणि काही महिन्यांतच बंदी मागे घ्यावी लागली.

हिशेबवही:
बंदी मी कुठे मागितली? हमी मागतोय. दोन्हींत फरक आहे.

निंदणी:
तुम्ही दोघंही 'तो शेतकरी' म्हणताय. खुरपणी, बियाणं राखणं, जनावरांचा चारा ही कामं बहुतेक ठिकाणी बाईच्या अंगावर असतात आणि प्रशिक्षणाचं बोलावणं मात्र जमीन ज्याच्या नावावर त्याला जातं. यावर मला चीडच येते.
केनियात मक्यामध्ये डेस्मोडियम हे शेंगावर्गी चारापीक आणि कडेने नेपिअर गवत लावायची पद्धत निघाली. डेस्मोडियमच्या वासाने खोडकिड्याचे पतंग पिकापासून दूर जातात आणि गवताकडे ओढले जातात, टारफुल्यासारखं तणही डेस्मोडियममुळे दबतं. शिवाय दोन्हींचा चारा होतो. हिशेबवही, तुमच्या हमीचा थोडा भाग असा शेतातूनच निघतो. पण चारा कोण कापतं, खुरपणी किती वाचली, हे बाईला न विचारता कसं कळणार?

हिशेबवही:
बोलावण्याबद्दल पूर्ण सहमत. पण डेस्मोडियमचं बियाणं सहज मिळत नाही, ही तिथलीही अडचण आहे, आणि ते नीट रुजायलाही वेळ लागतो. चारा हाती येईपर्यंतचा खर्च कोणी सोसायचा? प्रशिक्षणाच्या निधीतला निम्मा भाग बियाणं आणि पहिल्या हंगामाच्या भरपाईसाठी राखून ठेवावा, असं माझं म्हणणं आहे.

काळी_माती:
निम्मा काढलात तर हंगामभर दर आठवड्याला गटासोबत खाचरात उतरणारा माणूस परवडणार नाही, आणि पुन्हा हॉल अन् पडदाच उरेल. भरपाई वेगळ्या पैशातून करा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन.