मदत हवी आहे: क्रोशाची टोपी सपाट सुरू होण्याऐवजी शंकू होतेय

नवशिकी:
क्रोशाची सुई हातात धरून मला जेमतेम दोन महिने झालेत. एक मफलर आणि दोन रुमाल झाले, म्हणजे टोकापर्यंत जायचं आणि परत फिरायचं, एवढंच काम. आता बाबांसाठी कान झाकणारी साधी लोकरी टोपी करायला घेतली आणि पार अडकलेय.

लोकर मध्यम जाडीची, सुई ५ मिमीची. नमुना एका जुन्या पुस्तिकेच्या झेरॉक्सवरून घेतलाय. पुस्तिका कुठली ते कळायला मार्ग नाही, पहिलं पानच गायब आहे. त्यात लिहिलंय, मॅजिक रिंगमध्ये (ओढून आवळता येणारं लोकरीचं कडं) ६ डबल क्रोशे. दुसऱ्या ओळीत प्रत्येक टाक्यात दोन, झाले १२. मग १८, २४, ३०, असे दर ओळीला ६ टाके वाढवत जायचे. माथा सपाट चकतीसारखा दिसला पाहिजे म्हणे.

माझ्या सात ओळी झाल्यात. टाके तीनदा मोजले, ४२ आहेत. पण चकती कसली, शेंड्यापासून कडेपर्यंत १२ सेंमीची सुळकी झालीये! टेबलावर ठेवली तर उभी राहते. सर्कशीतल्या विदूषकाला शोभेल. बाबांच्या डोक्याचा घेर ५६ सेंमी, हिचा ३२. दोनदा उसवलं, तिसऱ्यांदाही तेच. लोकरीला आता लव सुटायला लागलीय. कुणी सांगेल का माझं काय चुकतंय?

रंगीतगुंडा:
हात आवळून विणताय. नवीन असताना सगळ्यांचं होतं. ६ मिमीची सुई घेऊन बघा.

झोपाळू मांजर:
मी तर असं काही झालं की ओलं करून, टाचण्या लावून, ताणून वाळवते. येते जागेवर.

नवशिकी:
@रंगीतगुंडा, ६ मिमीने पाच ओळी करून पाहिल्या. टोक तसंच, फक्त सगळं मोठं आणि भोकाभोकाचं झालं.
@झोपाळू मांजर, ताणून पाहिलं, मधे फाटेल असं वाटतं.

भूमितीवाला:
क्रोशातलं मला ओ की ठो कळत नाही, बायको करते. पण हे मोजमाप बघून राहवलं नाही. सपाट चकतीत मध्यापासून कडेचं अंतर १२ सेंमी असेल तर घेर ७५ सेंमी हवा (२ × ३.१४ × १२). तुमच्याकडे ३२ आहे. म्हणजे निम्म्याहूनही कमी. एवढी तूट हात आवळल्याने येत नाही. आणि सुई मोठी केली की टाका रुंद होतो तसा उंचही होतो, त्यामुळे शंकू तोच राहणार, फक्त मोठा. ओळीमागे वाढवायचे टाकेच कमी पडताहेत.

नवशिकी:
पण काका, नमुन्यात ६च लिहिलेत! आणि फोटोत छान सपाट दिसतंय.

लोकरीची पेटी:
थांब गं, मला एक सांग. तू 'डबल क्रोशे' म्हणून नक्की काय घालतेयस? सुईवर एक वेढा घेऊन मग टाक्यात सुई घालतेस की वेढा न घेता? आणि त्या झेरॉक्सच्या पानांवर 'सिंगल क्रोशे' हा शब्द कुठे दिसतो का बघ. नीट सगळी पानं चाळ.

नवशिकी:
ताई, एक वेढा घेऊन. मग लोकर ओढून सुईवर तीन वेढे, त्यातून दोन, पुन्हा दोन. व्हिडिओत यालाच डबल क्रोशे म्हणतात, आपला खांब.
पानं चाळली. 'सिंगल' कुठेच नाही. डबल आहे, हाफ ट्रेबल आहे, ट्रेबल आहे.

लोकरीची पेटी:
सापडलं! तुझ्या हाताचं काही चुकलेलं नाही. पुस्तिका ब्रिटिश आहे आणि व्हिडिओ अमेरिकन.

दोघांकडे टाके तेच, पण नावं एक पायरी सरकलेली. आपण ज्याला मुका खांब म्हणतो, त्याला अमेरिकन लोक सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश डबल. आपला अर्धा खांब अमेरिकनांचा हाफ डबल, ब्रिटिशांचा हाफ ट्रेबल. आपला पूर्ण खांब अमेरिकनांचा डबल, ब्रिटिशांचा ट्रेबल. ब्रिटिश पद्धतीत 'सिंगल' सहसा वापरतच नाहीत. म्हणून पानांवर तो शब्द शोधायला सांगितला. इंग्रजी नमुना हातात आला की सुई उचलायच्या आधी मी हेच बघते. याच घोळात मी एकदा अख्खं पांघरूण दुप्पट लांब केलं होतं, म्हणून आता नजर बसलीये. आपली नावं बरी, खांब म्हटलं की किती उंच ते डोळ्यांसमोर येतं.

तर तुला घालायचे होते मुके खांब आणि तू घालत होतीस पूर्ण खांब. उंची दुप्पट, वाढवायचे टाके मात्र तेवढेच. मग सुळका नाही होणार तर काय?

भूमितीवाला:
वा, आता हिशेब बसला! मुका खांब जवळजवळ चौकोनी असतो का? म्हणजे जेवढा रुंद तेवढाच उंच? असला तर प्रत्येक ओळीला घेर २π टाक्यांनी, म्हणजे साधारण ६.२८ ने वाढायला हवा. म्हणून ६.

लोकरीची पेटी:
हो, बऱ्यापैकी चौकोनी. आणि पूर्ण खांब त्याच्या साधारण दुप्पट उंच, म्हणून त्याला दर ओळीला १२ वाढवतात. अर्धा खांब मधला, त्याला ८. हे आकडे मी वर्षानुवर्षं पाठ म्हणून वापरतेय, त्यामागे २π आहे हे आज कळलं!

झोपाळू मांजर:
आणि उलटं झालं, म्हणजे जास्त वाढवले, तर झालर पडते. माझी पहिली टोपी परकराच्या घेरासारखी झाली होती.

नवशिकी:
म्हणजे मी तीनदा उसवलं ते उगाचच! बरं, आता मुक्या खांबाने करू की अर्ध्या? मुक्याने फार वेळ लागेल असं वाटतंय.

लोकरीची पेटी:
टोपीला मला अर्धा खांबच आवडतो. मुक्या खांबाची वीण घट्ट आणि जरा ताठ होते, पूर्ण खांबाच्या फटींतून वारा शिरतो. झेरॉक्स बाजूला ठेव, अशी कर.

मॅजिक रिंगमध्ये ८ अर्धे खांब. दुसऱ्या ओळीत प्रत्येकात दोन, १६. तिसऱ्या ओळीत एक साधा, एकात दोन, असं फिरत २४. चौथ्यात दोन साधे, मग एकात दोन, ३२. असंच दर ओळीला एक साधा टाका जास्त. नवव्या ओळीत सात साधे आणि एकात दोन केले की ७२ होतात. मग वाढवणं बंद, एका टाक्यात एक घालत सरळ खाली.

ओळ स्लिप स्टिचने, म्हणजे उंची नसलेल्या जोडटाक्याने, जोडलीस की १ साखळी घाल, पण ती टाका म्हणून मोजू नकोस. पहिला अर्धा खांब त्या साखळीच्या बुडाशी, त्याच टाक्यात. आणि त्या पहिल्या खांबात रंगीत दोरा अडकव. ओळ संपताना नवीन माणूस हमखास स्लिप स्टिचलाच टाका समजून त्यात एक खांब घालून मोकळा होतो, मग दर ओळीला एक टाका फुकटचा वाढत जातो.

वाढ दर वेळी एकावर एक आली तर माथा अष्टकोनी दिसतो. एक ओळ सोडून सुरुवातीचे दोन-तीन साधे टाके शेवटाकडे ढकलत जा, कोपरे दिसत नाहीत.

सुई_आणि_मी:
मॅजिक रिंग जमत नसेल तर २ साखळ्या घालून सुईपासून दुसऱ्या साखळीत आठही खांब घालायचे. मधे बारीक भोक राहतं, आतून सुरुवातीच्या लोकरीच्या शेपटाने शिवून टाकायचं.

नवशिकी:
मॅजिक रिंग जमते, धन्यवाद. एकच अडचण. बाबांना सांगायचं नाहीये, त्यामुळे घालून बघता येणार नाही. ५६ हा आकडाही ते झोपलेले असताना घेतलेला आहे.

रंगीतगुंडा:
त्यांची जुनी टोपी असेल ना? न ताणता सपाट पसरून काठाची रुंदी मोजा आणि दुप्पट करा. झोपलेल्या माणसाच्या डोक्याभोवती टेप फिरवण्यापेक्षा बरं.

(दोन दिवसांनी)

नवशिकी:
७२ झाले आणि माथा सपाट आहे! अगदी चकती! फोटो टाकता येत नाहीये, पण विश्वास ठेवा.
पण जुनी टोपी काठाला २६ सेंमी रुंद, म्हणजे घेर ५२. माझ्या चकतीचा घेर ५५ भरतोय. खाली सरळ विणलं तर डोळ्यांवर येईल ना?

लोकरीची पेटी:
येईल. टोपी डोक्यापेक्षा तीन-चार सेंमी लहानच हवी, ताणून बसते. ५६ ला ५२ अगदी योग्य. १० सेंमीमध्ये तुझे किती टाके बसतात?

नवशिकी:
१३. दोन ठिकाणी मोजले.

लोकरीची पेटी:
मी १४ धरून ७२ सांगितले होते, चूक माझी. आधी विचारायला हवं होतं. तुझ्या हाताने ५२ सेंमीला साधारण ६८ टाके लागतील. फक्त नववी ओळ उसव. ६४ वर येशील. मग पंधरा साधे आणि एकात दोन, असं फक्त चार ठिकाणी वाढव. ६८. अर्धीच वाढ केली म्हणून कड किंचित खाली वळेल, वळू दे. टोपीला तिथे वळायचंच आहे.

शेंड्यापासून २० सेंमी होईपर्यंत विण. त्यातल्या शेवटच्या चार ओळी एक खांब पुढून, एक मागून, म्हणजे खालच्या खांबाच्या मानेभोवती सुई घालून. त्याने काठ रबरासारखा ताणतो. ६८ सम आहे, त्यामुळे जोडी बरोबर जुळेल. काठ दुमडायचा असेल तर आणखी ४-५ सेंमी वाढव.

भूमितीवाला:
बायको म्हणतेय, शेवटचं शेपूट एकदा एका दिशेने आणि मग उलट्या दिशेने ओवा, नाहीतर धुतल्यावर बाहेर येतं. मी फक्त निरोप्या.

सुई_आणि_मी:
लोकर खरी असेल तर गरम पाण्यात घालू नका. आटून बाहुलीची टोपी होते. ॲक्रिलिकला तो प्रश्न नाही, पण त्यावर इस्त्री फिरवली की वीण मेलीच.

(पाच दिवसांनी)

नवशिकी:
झाली!! बाबांनी सकाळी फिरायला जाताना घातली आणि परत येऊन चहा पिताना पण काढली नाही. पुढून-मागून खांबांना पहिली ओळ एका ठिकाणी उलटसुलट झाली होती, पण ती जागा कानामागे येते, कुणाला दिसत नाही. १०० ग्रॅमच्या गुंड्यातली थोडी उरलीसुद्धा.
आता आईलाही हवीय, डोक्याचा घेर ५४. याच लोकरीचा दुसरा गुंडा आहे. ६४ टाके बरोबर ना?

लोकरीची पेटी:
१३ च्या हिशेबाने ६४ म्हणजे ४९ सेंमी. आईला घट्ट आवडते का सैल? घट्ट आवडत असेल तर आठव्या ओळीनंतर वाढवणं थांबव. सैल हवी तर ६८च ठेव.

नवशिकी:
घट्ट. कानात वारा गेला की तिचं डोकं दुखतं. आजच सुरू करते.