मदत हवी आहे: ई-सायकलची बॅटरी पावसात झाकावी कशी? पिशवीत आतूनच घाम येतो

नमस्कार मंडळी. मी चिपळूणचा. मार्चमध्ये इलेक्ट्रिक सायकल घेतली, रोज जाऊन-येऊन १२ किलोमीटर. बॅटरी ३६ व्होल्टची, तिरप्या नळीवर बसते, किल्लीने निघते. उन्हाळाभर काही तक्रार नव्हती. मिरग लागला आणि रडगाणं सुरू झालं.

भर पावसात खड्ड्यातून गेलं की डिस्प्ले क्षणभर विझतो, मग आपोआप येतो. परवा बॅटरी काढली तर खाचेतल्या एका पिनेवर हिरवा थर, पितळेच्या भांड्यात ताक कळकावं तसा. दुकानदार म्हणतो, "आयपी ६७ आहे, बिनधास्त चालवा."

मग बॅटरीला जाड पॉलिथिन गुंडाळून दोन्ही टोकांना चिकटपट्टी मारली. घरी येऊन सोडलं तर आतून सगळी ओलीचिंब. मेहुणा म्हणाला तांदळात पुरून ठेवा; हिने डब्याला हात लावू दिला नाही.

तर, पक्की बंद करू की हवा खेळती ठेवू? पिनांना ग्रीस लावलं तर शॉर्ट होईल का? भिजलेली बॅटरी चार्जिंगला कधी लावावी? "पावसात सायकल काढू नका" एवढं सोडून काहीही सांगा.

प्रतिसाद १
६७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं तग धरते. ही चाचणी नव्या मालाची, स्थिर पाण्यातली. सील जुनं झालं की तो भरवसा राहत नाही. प्रेशरच्या फवाऱ्याचाही त्यात हिशोब नाही, तेव्हा सर्व्हिसिंगवाल्याला पाइप मारू देऊ नका. शिवाय आकडा बॅटरीच्या पेटीचा असेल, तर खाचेतल्या पिना त्यात येत नाहीत.

घामाचं म्हणाल, तर बॅटरी चालताना कोमट होते, प्लास्टिक पावसाने गार पडतं, आणि कोंडलेली दमट हवा तिथेच पाणी सोडते. त्यामुळे वरून छप्पर, खालून उघडं. मी ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा वेल्क्रोने बांधतो. दिसायला गबाळं आहे, पण चौथा पावसाळा चालू आहे.

बॅटरी काढून खाचेतली पिन आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने साफ करा. पॉलिशपेपर नको, वरचा मुलामा निघतो. पूर्ण वाळली की डायइलेक्ट्रिक ग्रीस, नखावर मावेल एवढंच. त्यातून वीज वाहत नाही, म्हणून शॉर्ट होत नाही. पिन घट्ट बसते तिथून ते बाजूला सरतं. चेनचं ग्रीस लावू नका.

पण मला खरी शंका वेगळीच आहे. खड्ड्यातच विझतो ना? मग बॅटरी खाचेत हलतेय. लॉक केल्यावर हाताने हलवून बघा.

प्रतिसाद २
वायर कनेक्टरमध्ये वरून उतरत असेल, तर आधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशीच ठिबकतं. बॅटरी पुसून तासभर पंख्याखाली ठेवा आणि चार्जिंगचं तोंड कोरडं बघूनच प्लग लावा. हलवून आत पाणी वाजलं, पेटी फुगली किंवा विचित्र वास आला, तर चार्ज करू नका, घरातही ठेवू नका.

धागाकर्ता
हलत होती! चांगली दोन मिलिमीटर. पिन घासली, ग्रीस लावलं, खाली सायकलच्या ट्यूबची पट्टी सारली. आज नाक्यावरच्या त्याच खड्ड्यातून मुद्दाम दोनदा गेलो, डिस्प्ले विझला नाही. पण पाऊस रिमझिमच होता. पंक्चरवाल्याने ट्रकच्या ट्यूबचा तुकडा फुकट दिला, वर विचारलं, "गलोल करताय काय?"